शेवटावर जोर

आदल्या दिवशी विशेष असं काहीच घडलं नाही. ती कामावरून आली, पर्समध्ये किल्ली चाचपतेय तोवर आतून "आले, आले" असा आईचा आवाज आला आणि दार उघडलं. हे रोजचंच होतं. किल्ली असूनही आई तिला कधी दार उघडू द्यायची नाही. आई जन्मभर एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसलेली. घंटा दुसऱ्यांदा वाजली की आपली नाचक्की झाली, अशी तिची ठाम समजूत होती, आणि निवृत्त झाल्यावर ती समजूत दार, दूध, नळ अशी घरभर पसरली होती. "आले" म्हणायची तेव्हा ती आलेली नसायचीच. आतल्या खोलीत पलंगाखाली पायाने सपाता शोधत असायची. शब्द पुढे धाडायचा आणि मागून आपण निघायचं, अशी तिची चाल. चहा झाला. टेबलावरचे कप बाजूला सारून तिने लॅपटॉप उघडला, आणि आई चष्मा पुसत समोर येऊन बसली, परीक्षेला बसल्यासारखी ताठ.

ती एका स्टुडिओत संकलनाचं काम करायची. कानात घालून ऐकायचे भाषेचे धडे तिथे तयार होत. शिकवणाऱ्या बाई एक वाक्य आपल्या भाषेत म्हणत, मग काही क्षण शांतता, त्या शांततेत ऐकणाऱ्याने परक्या भाषेत उत्तर द्यायचं आणि मग बाई बरोबर उत्तर सांगत. त्या शांततेला स्टुडिओत सगळे 'जागा' म्हणत. बाईंचा आवाज बाईंचा, यंत्रं ध्वनिमुद्रकाची, पण जागा तिची. जागा कमी पडली तर माणूस हिरमुसतो, जास्त झाली तर त्याचं मन भलतीकडे जातं. नेमकी किती सोडावी हे पुस्तकात नसतं, म्हणून ती कच्चे धडे घरी आणायची आणि आईवर करून बघायची.

"आज काय आहे?"

"भूतकाळ."

"घ्या. आधीच काय कमी होता!"

"स्पॅनिशमधला गं. नियमित क्रियापदांचा. सोपा असतो. क्रियापदाचं शेपूट तोडायचं आणि दुसरं लावायचं."

"पालीसारखं," आई म्हणाली.

"आब्लार म्हणजे बोलणं. लिहिताना पुढे 'ह' असतो, तो म्हणायचा नाही."

"म्हणायचा नाही तर ठेवलाय कशाला?"

"असतो आपला."

"तुझ्या मामासारखा. घरात असतो आपला."

दोघी हसल्या. मग बाई सुरू झाल्या. मी बोलले, आब्ले. तू बोललीस, आब्लास्ते. ती बोलली, आब्लो. आई बाईंना उत्तर द्यायची तेही बोर्डावरच्या शिस्तीत. आधी "थांबा हं, सांगते," आणि मग उत्तर. ती सांगून थकली होती की अगं आई, ती बाई रेकॉर्ड केलेली आहे, तिला थांबा म्हणायची गरज नाही. आईचं म्हणणं, असू दे, कुणाला ताटकळत ठेवू नये. गाडी अडली ती 'एस्पेरार'वर. एस्पेरार म्हणजे वाट पाहणं. त्याचं 'एस्पेरो' होतं, आणि एस्पेरो दोन आहेत. मधल्या 'पे'वर जोर दिला तर 'मी वाट पाहते'. शेवटच्या 'रो'वर दिला तर 'तिने वाट पाहिली'. तिकडे लिहिताना त्या शेवटच्या अक्षरावर एक तिरकी रेघ मारतात. आपल्या लिपीत तशी रेघ नाही, त्यामुळे कागदावर दोन्ही एकच दिसतात, जुळ्या बहिणी एकसारखे कपडे घालून उभ्या असाव्यात तशा.

"तिने वाट पाहिली," बाई म्हणाल्या.

"थांबा हं, सांगते. एस्पेरो." जोर 'पे'वर.

"आई, हे 'मी वाट पाहते' झालं."

"मग बरोबरच आहे की. बघतेच आहे. तू जेवायला कधी उठणार त्याची."

पुन्हा केलं, पुन्हा तेच. आईची जीभ शेवटापर्यंत जायची आणि नेमकी तिथे हलकी व्हायची. वजन काही केल्या मधून हलेना. शेवटी तिने लॅपटॉप मिटला. "राहू दे, उद्या बघू," असं कोण म्हणालं ते तिला नंतर खूप आठवूनही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत शेजारणीचा फोन आला, की आईला बरं नाहीये, लगेच नीघ. 'बरं नाहीये' ही शेजारणीने दाखवलेली माया होती. ते तिला जिन्यातच कळलं, कारण वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ समोरून उतरत आले आणि तिच्याकडे बघून त्यांनी नजर खाली टाकली. आई फोनजवळच्या खुर्चीत बसली होती, एका पायात सपात होती आणि दुसरी टीपॉयखाली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. शेजारीण म्हणाली, गेल्या हो. मामा आला, आणि आईच्या विनोदाला खोटं पाडत त्याने सगळं अंगावर घेतलं. बाहेरच्या खोलीत बसून त्याने आईच्या मोबाइलमधला एकेक नंबर लावला, आणि दर वेळी तेच वाक्य, तेवढ्याच आवाजात म्हटलं, "ताई गेली." आत ती पाण्याची भांडी पुसत होती आणि ऐकत होती. मामाच्या वाक्यानंतर पडायची ती जागा ती नकळत मोजत होती. काहींना ती फार मोठी लागे. काही लगेच बोलत. स्टुडिओत मामाच्या मुलाने कळवलं. शाळेतल्या मैत्रिणींना दुसऱ्या मैत्रिणीने. सगळं आटोपून नातेवाईक आपापल्या घरी परतले तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते वाक्य तिला एकदाही म्हणावं लागलेलं नाही. तिला जरा बरंच वाटलं. इतकी माणसं होती मदतीला.

मग लाँड्रीवाला आला. "आजींचे कपडे नाहीत या खेपेला?" "पुढच्या वेळी," ती म्हणाली. नळ दुरुस्त करणाऱ्याने विचारलं, दुपारी कुणी असतं का घरी? ती म्हणाली, आई असते. तिला कळत होतं आपण काय बोलतोय ते. वेड लागल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. उलट इतकं सहज होतं ते, की चालताना उजव्या पायानंतर डावा पाय पडावा. त्या माणसाने दुपारी येऊन घंटा वाजवली असेल आणि वाट बघून गेला असेल, कारण संध्याकाळी दारात चिठ्ठी होती. चिठ्ठी वाचून तिला वाटलं ते एवढंच की आईने दार कसं नाही उघडलं.

ती पुन्हा कामावर जायला लागली तेव्हा तो धडा तसाच तिच्या पडद्यावर होता. ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत. भिंतीपलीकडचा पंखा जुना आहे की नवा हे तो ऐकून सांगायचा आणि समोरच्या माणसाने हाक मारली तर ओ द्यायचा नाही. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला न ठेवलासा केला आणि काचेपलीकडे आपल्या खोलीत गेला. तिने हेडफोन चढवले. हेडफोन चढवल्यावर जग बाहेर राहतं आणि आपलंच डोकं एखाद्या रिकाम्या हॉलसारखं मोठं होतं. हे तिला नेहमी आवडायचं. बाई म्हणाल्या, "तिने वाट पाहिली." जागा आली. आणि त्या जागेत, कानाच्याही आत, जिथे पोचायला आवाजाला कान लागत नाही अशा ठिकाणी कुणीतरी घाईघाईने म्हणालं, "थांबा हं, सांगते."

तिने कीबोर्डवरून हात काढून घेतला. पडद्यावर बाईंच्या आवाजाचे डोंगर होते, त्यांच्यामध्ये जागेची सरळ रेघ होती, आणि त्या रेघेवर मुंगीएवढासुद्धा उंचवटा नव्हता. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. बाई, शांतता, बाई. पुन्हा ऐकलं. काही नाही. ती पाणी प्यायली आणि पुढच्या वाक्यावर गेली, आणि मग तिसऱ्या का चौथ्या वाक्यानंतर, ती खिडकीतून समोरच्या इमारतीवरचं रंगकाम बघत असताना, अगदी स्पष्ट आलं. एस्पेरो. जोर 'पे'वर. मी वाट पाहते.

माणूस घाबरतो तेव्हा काय करतो हे तिने पुष्कळ वाचलं होतं. तिने यातलं काही केलं नाही. तिने जागा वाढवली. थोडीशी, मग आणखी थोडी. आवाज घाईत येत होता म्हणून, त्याला नीट बोलायला वेळ मिळावा म्हणून. रोज तिला वाटायचं, आज येणार नाही, आणि ज्या क्षणी ती असं वाटणं विसरून जायची त्या क्षणी तो यायचा. कधी नुसतं "सांगते". कधी एक श्वास, चष्मा पुसताना आई काचेवर टाकायची तसला. धडे लांबत चालले. कानसेन एक दिवस दारात येऊन उभा राहिला.

"बाईसाहेब, ही जागा आहे की मैदान? एवढ्या वेळात माणूस अंघोळ करून येईल."

"लोकांना वेळ लागतो."

"लोकांना लागतो की तुला लागतो? तूच बोलत बसतेस त्यात."

"मी? मी कुठे बोलते?"

"काचेतून दिसतं मला. जागा आली की तुझे ओठ हलतात."

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "काय म्हणते मी?"

"ते कसं कळणार? मध्ये काच आहे ना," कानसेन म्हणाला, आणि जरा थांबून, नेहमीचा टवाळपणा बाजूला ठेवून, "घरी जा आज. नीट झोप."

त्या दिवशी घरी येताना ती क्रियापदांचाच विचार करत होती, कारण दुसरा कुठलाही विचार त्याहून वाईट होता. बाई म्हणायच्या, स्पॅनिश भूतकाळात माणूस क्रियापदाच्या शेवटात बसलेला असतो. 'मी', 'ती' वेगळं म्हणायची गरजच नाही. आब्री म्हटलं की मी उघडलं. काय उघडलं, दार की खिडकी, ते मागाहून. आपल्याकडे तसं नाही. मी दार उघडलं, मी खिडकी उघडली. क्रियापद दाराकडे बघतं, खिडकीकडे बघतं, माझ्याकडे ढुंकून बघत नाही. आईने चहा केला. आईने कप ठेवला. आईने दिवे लावले. केला तो चहा, ठेवला तो कप, लावले ते दिवे. या सगळ्यांत आई कुठे आहे? इतकी वर्षं ती सकाळपासून रात्रीपर्यंत करतच होती, आणि तिने केलेल्या प्रत्येक गोष्टीचा भूतकाळ त्या त्या वस्तूला जाऊन चिकटला होता. आईच्या वाट्याला उरली ती असली थोडी क्रियापदं, जिथे ती निव्वळ तीच असते आणि हातात काही नसतं. हसली. बसली. निजली. आली. पुढचं क्रियापद तिच्या मनात आलं तेव्हा ती जिन्यात होती, आणि ती कठड्याला धरून उभी राहिली, जणू जिना तिथे संपला होता.

आईची एक मैत्रीण होती, बोर्डावर आईच्या शेजारच्या खुर्चीत बसणारी. तिला घरात बोर्डमावशी म्हणत. ती दूरच्या गावी मुलीकडे राहायची. कानांनी अधू झाली होती, मोबाइलवर तिला धड ऐकू यायचं नाही, म्हणून ती घरातल्या जुन्या फोनवर फोन करायची, आणि आईने केवळ तिच्यासाठी तो फोन ठेवला होता. बोर्डावरच्या बायका नंबर लिहून ठेवत नाहीत. त्यांना ते तोंडपाठ असतात, आणि लिहिणं कमीपणाचं वाटतं. त्यामुळे मामाला मावशीचा नंबर कुठेच सापडला नव्हता. सापडला नाही म्हणण्यापेक्षा, असा नंबर असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते तिला. पण नंबर तिच्याकडेही नव्हता. हे कारण खरं होतं, पहिला फोन येईपर्यंत.

"काय गं, इतक्या घंटा वाजू दिल्यास? मेमो मिळाला असता!"

"मावशी, मी बोलतेय."

"मोठ्याने बोल."

"मी बोलतेय! मुलगी!"

"अगं तू होय! आवाज बघ मेला, डिट्टो. आई कुठेय?"

"झोपलीये," ती म्हणाली.

"या वेळेला? उठव तिला. नको, नको, झोपू दे. हल्ली मलाही डुलकी लागते. सांग हं, फोन आला होता म्हणून."

"सांगते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला, आणि हात रिसीव्हरवरून काढलाच नाही. 'झोपलीये' ठरवून म्हटलं नव्हतं. पण पुढच्या वेळचं ठरवून होतं. अंघोळीला गेलीये. खाली गेलीये, येईल एवढ्यात. मामाकडे गेलीये. एकच क्रियापद, नुसती ठिकाणं बदलायची. हा 'ये' किती कामाचा होता! नुसतं 'गेली' म्हटलं तर दार लागलं. 'गेलीये' म्हटलं की फट राहते, दिवा चालू असतो, माणूस कुठेतरी आहे आणि यायचं आहे. एवढंसं अक्षर, आणि हाकेचा शब्दही तोच. ये. मावशी प्रत्येक वेळी फसत होती. फसत होती की विश्वास ठेवत होती? दोन्हींत फार फरक नसावा. फोन ठेवल्यावर घर काही काळ भरल्यासारखं वाटायचं. आतल्या खोलीत अंघोळ चाललेली असायची. आई खाली गेलेली असायची आणि जिन्यावर तिची पावलं वाजायला जेमतेम वेळ असायचा. ती कान देऊन बसायची. एकदा तर पावलं वाजलीही. ती वर, आणखी वर, त्या गृहस्थांच्या मजल्याकडे निघून गेली.

स्टुडिओत तेव्हा नवीन टूम निघाली होती. धड्यात एका शिकाऊ बाईचाही आवाज हवा, चुकत माकत शिकणारी, म्हणजे ऐकणाऱ्याला सोबत वाटते. बाहेरून कुणाला आणायचं म्हणजे खर्च, तेव्हा तूच बस, असं ठरलं. बंद खोलीत ती आणि बाई समोरासमोर बसल्या. बाई बारीक, कोरड्या आवाजाच्या, उमेदीची सगळी वर्षं त्या भाषेच्या देशात काढून परत आलेल्या. त्यांनी 'बिबिमोस' समजावून सांगितलं. बिबिमोस म्हणजे आम्ही राहतो. आणि बिबिमोस म्हणजे आम्ही राहिलो. दोन्ही एकच, जोरसुद्धा एकाच जागी.

"मग ओळखायचं कसं?" तिने विचारलं. हा प्रश्न लिहिलेल्या संवादात नव्हता.

"मागच्यापुढच्यावरून. वाक्यात 'काल' असतो, 'तेव्हा' असतो."

"आणि नसला तर?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "नसला तर ज्याचं त्याला माहीत. चला, पुढे. तिने वाट पाहिली."

ती म्हणाली, "एस्पेरो."

"हे 'मी वाट पाहते' झालं. शेवटावर जोर."

"एस्पेरो."

"शेवटावर. भूतकाळात वजन शेवटावर टाकायचं आणि मोकळं व्हायचं. मध्ये रेंगाळायचं नाही."

ती पुन्हा म्हणाली. हा शब्द तिने शेकडो वेळा ऐकला, कापला, जोडला होता. बाईंच्या 'रो'वरचा डोंगर पडद्यावर नुसता बघून ती ओळखू शकत होती. पण तिची जीभ शेवटापर्यंत जायची आणि तिथे हलकी व्हायची. बाई चिडल्या नाहीत, यामुळे तिला जास्तच कसंतरी झालं. त्या इतकंच म्हणाल्या, "असू दे. चुकणारीच हवी आहे ना आपल्याला." काचेपलीकडून कानसेनने ते ऐकवलं. बाईंचा आवाज. मग जागा. मग एका म्हातारीचा, खणखणीत, हजर असण्याची सवय लागलेला आवाज. कानसेन भुवया उंचावून माइकमध्ये म्हणाला, "झकास! आवाज काय काढलास. बोलताना नाही गं वाटत तू अशी." आवाज काढलेला नव्हता. आईचा आवाज त्याने कधी ऐकलेला नव्हता, त्यामुळे त्याला विचारण्यातही अर्थ नव्हता.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात असताना फोन वाजला. ती हात पुसत धावली. "आले, आले," असं म्हणतच तिने रिसीव्हर उचलला.

"सापडलीस!" मावशी ओरडली. "आता कशी सापडलीस! पोरगी तुझी दर वेळी तुला कुठे कुठे पिटाळते. मला वाटलं माझ्याशी बोलायचं टाळतेस."

इथे एक जागा होती. माणसाने या जागेत उत्तर द्यायचं असतं, आणि जागा उलटून गेली की गप्प राहणं हेच उत्तर होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? मावशी मी मुलगी बोलतेय, एवढंच म्हणायचं होतं. जागा उलटून गेली.

"बोल की. रागावलीस?"

"नाही गं," ती म्हणाली. 'नाही गं' ही तिची भाषा नव्हती. मावशीला ती जन्मात कधी 'गं' म्हणाली नव्हती. पण मावशीला तेवढं पुरलं. मग मावशी बोलत सुटली. गुडघे, जावयाची बदली, नातीचं नाक, बोर्डावरची ती सुपरवायझर आठवते का, जिला आपण घुबड म्हणायचो, ती भेटली होती, अजून तशीच बघते. ती हसत होती. हसणं रिसीव्हरच्या आतून परत येऊन तिच्याच कानावर पडत होतं, आणि त्याची लकब तिला पाठ होती. शेवटी श्वास आत ओढून थांबणारी. मावशी एकदम हळू झाली. म्हणाली, "ऐक ना. मला फार दिवसांत कुणी माझ्याशी इतका वेळ बोललं नाही. येऊ का तुझ्याकडे? राहीन थोडे दिवस. दोघी बसू गप्पा मारत."

मग ते आलं. तिच्याच तोंडून आलं असणार, कारण घरात दुसरं तोंड नव्हतं. पण तिला आठवतं ते असं, की खोलीत थोडी शांतता झाली आणि त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, "ये. वाट बघते."

पुढचे दिवस तिने कसे काढले हे सांगण्यासारखं नाही. वरून पाहता काहीच झालं नाही; ती वेळेवर गेली, वेळेवर आली. जागा मात्र तिने सगळ्या कमी केल्या, इतक्या की कानसेन म्हणाला, आता श्वास तरी घेऊ दे लोकांना. दोन डोंगर एकमेकांना टेकले, मधली रेघ नाहीशी झाली, तरी सांगते, सांगते चालूच होतं, फक्त आता ते बाईंच्या आवाजाखालून येत होतं, फरशीखालून पाणी वाहावं तसं. घरी ती फोनच्या खुर्चीत बसायची नाही. स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवायची. एका संध्याकाळी पाय गार लागले म्हणून तिने सपाता घातल्या आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की त्या आपल्या नाहीत, पण मापाच्या आहेत. मावशी बोलली ते खरं करेल असं तिला वाटलं नव्हतं. इतके अधू कान, असले गुडघे, एवढा प्रवास. म्हातारी माणसं बोलतात येते येते म्हणून.

पण फोन आला. भरदुपारी, ऊन टेबलावर पसरलेलं असताना. तिने एक घंटा वाजू दिली, मग दुसरी, तिसरी, आईच्या सगळ्या शिस्तीला हरताळ फासत. मग 'आले' न म्हणता उचलला.

"हॅलो? तूच ना गं? ऐकू येतंय का? बॅग भरली मी! लेक नको नको म्हणतेय, मी म्हटलं, माझी मैत्रीण वाट बघतेय, तिने स्वतः सांगितलंय. आज रात्री बसते गाडीत. जावई बसवून देतोय. सकाळी तुझ्या दारात. तुला आवडतो तसला स्वेटर विणलाय, रंग मात्र शिव्या घालशील असा आहे. हॅलो? ऐकतेस ना?"

ती ऐकत होती. तिला दिसत होतं सगळं. मावशी कठडा धरून एकेक पायरी चढेल, मध्ये थांबेल, दम खाईल. दाराशी येऊन केस सारखे करेल. घंटा वाजवेल आणि, कानांनी अधू असली तरी, दाराला कान लावून आतून येणाऱ्या त्या शब्दासाठी उभी राहील. आणि शब्द जाईल. याचीच तिला खरी भीती वाटली. ती दाराच्या आत उभी असेल आणि तिच्या तोंडून तो शब्द जाईल, घाईघाईने, आतल्या खोलीतून यावा तसा. मावशीचा चेहरा दारापलीकडे फुलेल. आणि मग दार उघडावं लागेल. दार उघडल्यावर मावशीला कोण दिसेल हे तिला सांगता येईना. मामाला सांगावं का, तू कर फोन? मामाने केला असता. मावशीच्या मुलीचा नंबर मागून घ्यावा का, तिला कळवावं? ती चांगली आहे, ती समजावेल. किती माणसं होती मदतीला. आणि मग मावशी त्या बॅगेपाशी, भरलेल्या बॅगेपाशी बसून कुणा तिसऱ्याच्या तोंडून ऐकेल, आणि विचारेल, मग माझ्याशी बोललं कोण?

"मावशी," ती म्हणाली. आवाज कुणासारखाच आला नाही. "मावशी, मी मुलगी बोलतेय."

"कोण?"

"मुलगी! त्या दिवशीही मीच होते. तुम्हाला आई वाटली. मी सांगितलं नाही. तुम्ही बसू नका गाडीत."

"काय म्हणतेस? नीट ऐकू येत नाही मला. आईला दे."

"आई नाहीये."

"नाहीये? कुठे गेलीये आता?"

रिसीव्हरमध्ये लांबवर मावशीच्या घरातलं भांडं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, आणि मग दोन्हीकडे शांत झालं. मावशी थांबली होती. जुन्या बोर्डावर, कानाला लावून, समोरचा बोलेपर्यंत थांबायची सवय तिलाही होती. ती थांबली होती आणि थांबणारच होती. मध्ये कुणी बोलणार नव्हतं, ना आतून, ना खालून. ऊन टेबलाच्या कडेवरून खाली उतरलं होतं. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, आणि अधू कानाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने, एकेक अक्षर तोडून, शेवटच्या अक्षरावर सगळं वजन टाकून म्हणाली,

"गेलीये नाही, मावशी. आई गेली."